अडतीस नंबरची खुंटी

११ एप्रिल, शनिवार

नोंद राहावी म्हणून लिहायला घेतलं आहे. ही मंडळी नंतर काहीही सांगतात, आणि छापणारे तेच छापतात.

आज ट्रेव्हर ऍशबीने वर बोलावलं. ट्रेव्हर म्हणजे आमच्या बेसबॉल क्लबचा नवा अध्यक्ष. वय चौतीस, पायात भारी बूट, पण मोजे घालत नाही. म्हणाला, "लायल, मैदानाला यंदा पंच्याहत्तर वर्षं होतायत. आपण एका जुन्या खेळाडूचा नंबर निवृत्त करायचं ठरवलंय. उजवीकडच्या भिंतीवर मोठ्ठा रंगवायचा. त्यानंतर तो नंबर आपल्या कुणाच्याही पाठीवर दिसणार नाही. कुणाचा, ते समिती ठरवेल. त्या समितीत तुम्ही हवे आहात. इथलं तुमच्याइतकं कुणाला माहीत आहे?"

"कुणालाच नाही," मी म्हणालो. खोटी नम्रता मला जमत नाही.

अठ्ठावीस वर्षं मी कोल्टर पॉटर्सची कपड्यांची खोली सांभाळतो. गाव एके काळी कपबशांच्या भट्ट्यांचं, म्हणून संघाचं नाव पॉटर्स, म्हणजे कुंभार. शर्ट धुणं, नंबर शिवणं, लॉकर लावणं. शाळा मी अर्धवट सोडली, आणि या कामाची शाळा कुठेच नाही. लाल मातीचा डाग गरम पाण्यात कायमचा बसतो आणि गार पाण्यात निघतो, हे मी स्वतः शिकलो. आता दुसऱ्या गावांतली माणसं मला फोन करून विचारतात. खेळाडू माझ्या मागे मला 'सासूबाई' म्हणतात. म्हणोत. सासूबाई आहे म्हणून संघ नीटनेटका मैदानात उतरतो.

माझ्या मनातलं नाव ठरलेलं आहे. वेंडेल टॅकेट, कॅचर, म्हणजे पिचरने फेकलेला चेंडू उकिडवं बसून झेलणारा, नंबर ३८. नऊ हंगाम आमच्याकडे खेळला. मोठ्या लीगचं मैदान त्याने तिकीट काढूनच पाहिलं असेल, पण जी पोरं वर गेली त्यांतली अर्धी त्याने घडवली. पोरगं वर गेलं की हा पठ्ठ्या पुन्हा नव्या पोरासमोर उकिडवा बसायला तयार.

घरी बायकोला, नॅडीनला, सांगितलं, तर ती म्हणाली, "समिती म्हणजे काय, फुकटचा पिझ्झा. दोन तुकडे माझ्यासाठी आण."

२७ एप्रिल, सोमवार

आज ३८ बाहेर काढला. दर वर्षी हंगाम सुरू झाला की काढतो, गार पाण्यात बुडवतो, सावलीत वाळवतो, आणि उशीच्या स्वच्छ अभ्र्यात घालून कपाटाच्या वरच्या खणात परत ठेवतो.

बाहेरच्या लोकांना वाटतं, खेळाडू आपला नंबर निवडतो. वर, मोठ्या लीगमध्ये, निवडत असतील. इथे खाली नंबर शर्टाच्या मापाने येतो. एक-दोन-तीन नंबरचे शर्ट बारके, पुढे वाढत वाढत पन्नाशीतले सगळ्यात लांब. ३८ लांबीला मध्यम, पण छातीत ऐसपैस. आत कॅचरची छाती मावली पाहिजे. वेंडेल पहिल्यांदा आला तेव्हा मी त्याच्याकडे नुसतं बघितलं आणि ३८ फेकला. बसला. मापाची पट्टी मी फक्त पडद्यांना वापरतो.

वेंडेल गेल्यापासून ३८ कुणालाही दिलेला नाही. गणवेशाची ऑर्डर मीच लिहितो. सदतीसनंतर एकोणचाळीस. एकोणीस वर्षांत वरच्या मजल्यावरच्या एकाही शहाण्याने विचारलं नाही, की मधला कुठे गेला.

४ मे, सोमवार

सुट्टी होती. नदी ओलांडून वेंडेलकडे गेलो. डोंगरात दुकान आहे त्याचं, गवत कापायची यंत्रं दुरुस्त करतो. इतक्या वर्षांत कधी जाणं झालं नव्हतं. कामच तसं आहे माझं.

ठेंगण्या स्टुलावर बसला होता, गुडघ्यांच्या मध्ये इंजिन. केस पूर्ण गेले. छाती आहे तशीच. ३८ आजही बसेल.

"लायल होबेक," तो म्हणाला. "कोण मेलं?"

"कुणी नाही."

"मग इतक्या लांब कशाला तडमडलास?"

"अजून उकिडवाच बसतोस की!"

"बसायला काही नाही. उठताना दोन माणसं लागतात."

मी सगळं सांगितलं. मैदान, भिंत, समिती. तो पान्हा फिरवत राहिला. कॉफीसुद्धा विचारली नाही. मी म्हटलं, "तुला माहीत नसेल, पण तुझा शर्ट मी एकोणीस वर्षं कुणाच्या अंगाला लागू दिला नाही. ज्या दिवशी तुला संघातून काढलं, त्याच दिवशी खुंटीवरून काढला. तू आत यायच्या आधी."

"ते माहीत आहे," तो म्हणाला. "आत मीच आलो होतो ना."

मग पान्हा खाली ठेवला आणि बोलायला लागला. जसं बोलला तसं लिहितो.

"ऑगस्टातला शनिवार. मी बाहेर त्या नव्या डावखुऱ्या पोराचे चेंडू घेत होतो. त्याचा हात सैल होत नव्हता, म्हणून जरा जास्तच वेळ बसलो. मग आत आलो. अंगात नुसती बनियन, वर छातीचं कवच. माझ्या खुंटीवर काही नाही. लायल, खुंटी रिकामी म्हणजे काय, हे आपल्याकडे बूट पुसणाऱ्यालाही कळतं. मॅनेजरने मला काही सांगितलेलं नव्हतं. पण खोलीतल्या सगळ्यांना माझ्या आधी कळलं होतं. वीस जण आपापल्या बुटांकडे बघत होते. ज्यांना मी बूट बांधायला शिकवलं तेसुद्धा."

मी म्हटलं, "मॅनेजरने मला दुपारीच सांगितलं होतं. तुझ्या जागी नवा माणूस संध्याकाळच्या बसने येणार होता. वरच्यांनी तुझा शर्ट सरळ त्याला दिला असता. म्हणून मी घाई केली."

"हो का."

"हँगर मी सरळ लावून ठेवला होता. खुंटी अगदीच रिकामी नव्हती."

त्याने हात चिंधीला पुसले. मग म्हणाला, "त्या दिवशी म्हातारा आला होता माझा. खाणीतून सुट्टी काढून. कॅचरच्या मागची जागा दिली होती मी त्याला. मी मागच्या दाराने गाडी काढली आणि निघून गेलो. त्याला जाऊन सांगायचं धैर्य झालं नाही. तो पूर्ण सामना बसून होता. त्याला वाटलं, पायांना आराम म्हणून बाहेर बसवलं असेल, शेवटच्या डावात येईल. माणसं गेली, दिवे गेले, तरी बसून. शेवटी रखवालदाराने उठवलं."

याबद्दल मला काही माहिती नव्हती. तिकिटं मी देत नाही, तो विभाग वेगळा आहे.

निघताना म्हटलं, "मग समितीला काय सांगू?"

"तुमची भिंत, तुमचा रंग. एकदा मला न विचारता उतरवलंस. आता न विचारता चढव."

तो नाही म्हणाला नाही. कॅचर असेच असतात, तोंडाने कधी मागणार नाहीत. येताना वाटेत फिश सँडविच घेतलं. मासा शिळा होता.

१९ मे, मंगळवार

समितीची बैठक. पिझ्झा नव्हता. ट्रेव्हर, मी, मिसेस डॅलरिम्पल (पहिल्या रांगेतल्या, पंचांच्या आईवर बोलण्याबद्दल त्यांना दोनदा समज मिळालेली आहे), आणि रेडिओवरचा बर्नी पुलास्की.

बर्नीने बसायच्या आधीच जाहीर केलं, "कोडी हॅवरलँड. संपलं. जेवायला चला."

कोडी हॅवरलँड हे नाव सगळ्या देशाला माहीत आहे. पिचर. गेल्या वर्षी मोठ्या लीगमधून निवृत्त झाला. पोरांच्या खोल्यांमध्ये त्याचे फोटो असतात. आमच्याकडे होता पुरते अकरा आठवडे, वेंडेलनंतरच्या उन्हाळ्यात.

मी म्हटलं, "अकरा आठवड्यांत आमच्या कपबशांच्या भट्ट्यासुद्धा नीट तापत नसत."

"आणि तुझा टॅकेट? नऊ वर्षं एकाच इयत्तेत बसला. त्याला भिंतीवर चढवायचं, की पुन्हा वर्गात?"

मिसेस डॅलरिम्पल म्हणाल्या, "बर्नी, जीभ सांभाळ. वेंडेलने एकदा माझ्या अंगावर येणारा चेंडू कठड्यावर पोट घालून अडवला होता. आडवा झाला होता बिचारा. आणि तू वर रेडिओवर हसत होतास."

मग मी उभा राहिलो. मुद्देसूद बोललो. वेंडेलचं सगळं सांगितलं, आणि शेवटी, बिनतोड म्हणून, शर्टाची गोष्ट. एकोणीस वर्षं कुणालाही दिला नाही, अभ्र्यात, वरच्या खणात.

ट्रेव्हर पुढे झुकला. "एक मिनिट. म्हणजे लायल, १९९६ नंतर अडतीस कुणीही घातलेला नाही?"

"कुणीही नाही. कोडीनेसुद्धा मागितला होता."

"कोडीने ३८ मागितला?"

"पहिल्याच दिवशी. काठीसारखं पोर. मी म्हटलं, तुझ्या अंगावरून गळून पडेल, हा तुझ्यासारख्यांसाठी नाही. त्याला ५२ दिला. खोलीत हशा पिकला. पुढे वर गेल्यावर त्याने पहिल्याच दिवशी ३८ घेतला, ते खुन्नस म्हणून. लोकांना वाटतं तो त्याचा लकी नंबर."

ट्रेव्हरने फोनमध्ये काहीतरी टिपलं. डोळे चमकत होते त्याचे. पाणी असावं. म्हणाला, "लायल, ही गोष्ट सोन्यासारखी आहे."

बाहेर पडताना बर्नी माझ्याशी बोलला नाही. हरलेला माणूस ओळखता येतो.

२ जून, मंगळवार

नॅडीन म्हणते, वेंडेलला विचारलंस का, की हवंय का त्याला? मी म्हटलं, गेलो नव्हतो का. ती म्हणाली, "तू सांगायला गेला होतास."

बायकांचं तर्कट. लिहून ठेवतो, एवढंच.

१२ जून, शुक्रवार

इस्त्री करत होतो आणि रेडिओ चालू होता. बर्नीचा आवाज. कोल्टर पॉटर्स आठ ऑगस्टला ३८ नंबर निवृत्त करणार. माझा हात थांबला. शर्टाची बाही करपली. अठ्ठावीस वर्षांत पहिल्यांदा.

पुढचं वाक्य: "आपला लाडका कोडी हॅवरलँड! आणि मित्रांनो, तुम्हाला माहीत आहे का, की आपल्या क्लबने हा नंबर त्याच्या प्रेमाखातर कधीचाच गुपचूप जपून ठेवलाय? एकोणीस वर्षं तो कुणाच्याही पाठीवर आलेला नाही!"

तसाच वर गेलो. इस्त्री चालू राहिली होती हे नंतर कळलं.

"हे खोटं आहे," मी ट्रेव्हरला म्हटलं.

"बसा ना, लायल. खोटं काय आहे त्यात? एकोणीस वर्षं कुणी घातला नाही, हे खरं की नाही?"

"खरं."

"कोडीचा नंबर ३८, हे खरं की नाही?"

"वर गेल्यावर. इथे तो बावन्न होता."

"इथला बावन्न कुणाला आठवतोय? दोन्ही वाक्यं खरी आहेत. आम्ही ती नुसती शेजारी शेजारी ठेवली."

"आणि टॅकेट?"

"कार्यक्रमपत्रिकेत टाकू ना एक ओळ. लायल, आठ तारखेची सगळी तिकिटं खपतील, बघा. तुमच्या एका गोष्टीवर. तुम्ही खूश व्हायला हवं."

खाली आलो, इस्त्री बंद केली. टेबलाचं कापड जळालं होतं.

१४ जून, रविवार

नॅडीनने विचारलं, वेंडेलला कळवलंस का? म्हटलं, रेडिओ त्याच्याकडेही आहे.

३० जून, मंगळवार

आमच्या कॅचरचा अंगठा मोडला. त्याच्या जागी नवा माणूस दुपारी आला. विल्फ्रेडो अल्मोन्ते, सांतो डोमिंगोचा, छाती म्हणजे फडताळ. मी नुसतं बघितलं आणि कळलं. ४० दिला, बटणं लागेनात. ४३ दिला, तो गुडघ्यापर्यंत गेला आणि छातीत तरीही तंग.

बाकीचे बघत होते. कुणीतरी म्हणालं, "सासूबाई, जावयाला उपाशी ठेवणार वाटतं!"

मी मागच्या खोलीत गेलो. वरचा खण उघडला.

इथे सगळा हिशोब स्पष्ट लिहितो, कारण तेव्हा माझ्या डोक्यात तो स्पष्ट होता. हा शर्ट आज रात्री याच्या अंगावर चढला, सगळ्या गावाने पाहिला, की कोडीची कहाणी संपली. 'एकोणीस वर्षं कुणी नाही' हे वाक्यच राहणार नाही. ट्रेव्हर तोंडावर आपटेल. वर हा कॅचर आहे. माप त्याचं आहे. नियमाने शर्ट त्याचाच आहे.

अभ्र्यातून काढला. हातात धरला. कॉलरच्या आत मी स्वतः घातलेले टाके अजून घट्ट आहेत.

मग परत घडी घातली.

अल्मोन्तेला ४३ दिला आणि बगलेत उसवून पट्टी जोडून दिली. पाचव्या डावात त्याने चेंडू फेकायला हात मागे नेला आणि पट्टी फाटली. चेंडू भलतीकडेच गेला, दोन धावा गेल्या. आत आल्यावर त्याने मला मोडक्या भाषेत विचारलं, "मिस्टर, मोठा शर्ट नाही?"

"नाही," मी म्हटलं.

घरी नॅडीनला सांगितलं. ती पिएरोगी, म्हणजे बटाट्याच्या करंज्या, तळत होती. वळलीसुद्धा नाही. म्हणाली, "शर्ट घालायला असतो, लायल. तू कपाटात घालून काय केलंस? ना त्याला दिलास, ना याला."

"त्याच्यासाठीच राखला."

"त्याच्याकडे नेऊन का नाही दिलास मग? पाऊण तासाचा तर रस्ता."

क्लबची मालमत्ता अशी बाहेर देता येत नाही. तिला या गोष्टी कळत नाहीत.

१८ जुलै, शनिवार

ट्रेव्हरने शर्ट मागितला. काचेच्या चौकटीत घालून आठ तारखेला मैदानात मीच आणायचा. म्हणे, "तुम्हीच तो राखलात, तुमच्याच हातात शोभेल."

नाही म्हणावं असं आलं होतं मनात. पण चौकटवाल्याला त्यांनी टाचण्या मारायला सांगितलं होतं. जुन्या कापडात टाचण्या! मी मध्ये पडलो नसतो तर बोटाएवढी भोकं पडली असती. मागून मलमलीचं अस्तर देऊन चार बाजूंनी टाका घातला. काम चांगलं झालं आहे. कुणाच्याही नावाने असो, काम चांगलं झालं आहे.

८ ऑगस्ट, शनिवार

झालं एकदाचं.

मैदान खचाखच. मी क्लबचं हिरवं जॅकेट खुंटीवर टांगून पांढऱ्या शर्टात गेलो, ट्रेव्हरची तशी सूचना होती. चौकट धरून मध्यापर्यंत चाललो. खाली मान घालून चाललो, गवत ओलं होतं.

कोडी हॅवरलँड आता काठी राहिलेला नाही. माईक घेतला आणि म्हणाला, "वीस वर्षांचा होतो. या सद्गृहस्थांकडे ३८ मागितला. म्हणाले, गळून पडेल अंगावरून! आता बघा, सासूबाई, पोट केवढं झालंय!" लोक हसून हसून बेजार. त्याने मला मिठी मारली. पोरगा वाईट नाही. तसा कधीच नव्हता.

पडदा ओढला. भिंतीवर ३८, खाली हॅवरलँड. आठाचं खालचं गोल वरच्यापेक्षा बारीक काढलंय, त्यामुळे आकडा पालथा लटकल्यासारखा दिसतो.

टाळ्या चालू असताना कोडी माझ्या कानाशी आला. "एक विचारू? तेव्हा तो खरा कुणाचा होता?"

"टॅकेटचा," मी म्हटलं. "वेंडेल टॅकेट."

"कुणाचा?"

तेवढ्यात बँड सुरू झाला. तो कानाला हात लावून हसला आणि मान हलवली, ऐकू येत नाही अशी. मी पुन्हा म्हटलं. मग फोटोवाले आले.

आत आलो. संघ मैदानात उतरायच्या तयारीत होता, सगळे खोलीतच. मी माझ्या कोपऱ्यात गेलो. खुंटीवर जॅकेट नव्हतं.

आधी वाटलं, खाली पडलं असेल. वाकून पाहिलं. बाकाखाली पाहिलं. खुंटीवरची माझ्या नावाची पितळी पट्टीही नव्हती. चार स्क्रूंची भोकं. मी वळलो आणि विचारलं, "जॅकेट कुणी घेतलं?"

अल्मोन्ते आपल्या बुटाची नाडी सोडून पुन्हा बांधत होता. बाकीचेही खाली बघत होते.

मग ट्रेव्हर आला, मोठ्या उत्साहात. "अरे, तुम्ही आधीच आलात! सरप्राइज द्यायचं होतं! लायल, तुमचं जॅकेट आणि नावाची पट्टी आम्ही दारातल्या काचेच्या कपाटात ठेवतोय. कायमची! तुमचाही सन्मान व्हायला नको?"

"आणि मी काय घालू?"

तो थोडा अडखळला. मग म्हणाला, धुलाईचं काम सोमवारपासून बाहेरच्या कंपनीकडे जातंय. सगळ्याच क्लबांचं तसंच होतंय. हंगाम संपेपर्यंत पगार चालू. आणि पुढे केव्हाही, फुकट, कॅचरच्या मागची जागा. "आता मजेत सामने बघा. इतकी वर्षं तुम्ही आतच होतात, एकही धड पाहिला नसेल!"

माणसाला आधी विचारायची एक पद्धत असते. निदान सांगायची. बाजूला घेऊन, चार लोकांत नव्हे. अठ्ठावीस वर्षं ज्याने एवढं केलं त्याला असं भर खोलीत

पुढे लिहवत नाही.

१३ ऑगस्ट, गुरुवार

वेंडेलला फोन केला. मागे इंजिन घुरघुरत होतं.

"ऐकलं रेडिओवर," तो म्हणाला. "चांगला पिचर होता तो."

"तुझा नंबर घेतला त्यांनी, वेंडेल."

"माझा कुठला? मापात बसलो म्हणून दिलास."

मी म्हटलं, "मला काढलं." मग जॅकेटचं सांगितलं. खुंटीचं. भराभर सांगून टाकलं. त्याने इंजिन बंद केलं असावं, कारण एकदम शांतता झाली.

"सगळे होते खोलीत?" त्याने विचारलं.

"हो."

"बुटांकडे बघत होते?"

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"हं," तो म्हणाला. आवाजात आनंद नव्हता. नव्हता, हे मी मुद्दाम लिहितो. मला वाटलं आता काहीतरी म्हणेल. मलाही काहीतरी म्हणायचं होतं, ते तोंडाशी येऊन राहिलं. तेवढ्यात त्याने दोरी ओढली, इंजिन पुन्हा सुरू झालं, आणि तो ओरडून म्हणाला, "गिऱ्हाईक थांबलंय, लायल!"

७ सप्टेंबर, सोमवार

हंगामाचा शेवटचा सामना. नॅडीन म्हणाली, जाऊ नकोस. गेलो. फुकटच्या जागेसाठी ट्रेव्हरला तोंड दाखवावं लागलं असतं, म्हणून खिडकीवर पैसे देऊन तिकीट काढलं. जागा तीच मिळाली, कॅचरच्या मागची.

दारात काचेचं कपाट आहे. जॅकेटचं वरून दुसरं बटण चुकीच्या काजात घातलंय. काचेवर हात ठेवला तर रखवालदार म्हणाला, "बोटं उमटतात, साहेब."

इथून मैदान वेगळंच दिसतं. अल्मोन्तेच्या पाठीवर नव्या कंपनीने धुतलेला शर्ट होता. मातीचा डाग गरम पाण्यात घातलेला, लांबून कळत होता. समोर उजवीकडे भिंतीवर पालथा आठ.

शेजारी एक म्हातारा गृहस्थ होता, हॉट डॉग खात. बाहेरगावचा असावा. मध्येच म्हणाला, "दारात ते हिरवं जॅकेट ठेवलंय, ते कुणाचं हो?"

"कपडे सांभाळणाऱ्याचं."

"अरेरे. कधी वारला?"

"वारला नाही. हेच काम करायचा. लोकांच्या खुंट्या रिकाम्या करायचा."

तो चमत्कारिक नजरेने माझ्याकडे बघायला लागला, मग जागा बदलून पलीकडे जाऊन बसला.

सामना आम्ही हरलो. माणसं गेली, दिवे गेले. मला उठायचं सुचलं नाही. रखवालदार पायऱ्या उतरत आला आणि म्हणाला, "साहेब, संपलं. कुणाची वाट बघताय?"